माहितीपुस्तिकेतले चार शब्द: वित्तीय गणिताच्या विद्यार्थ्यांचे मागणीपत्र

प्रति,
मा. कुलगुरू, मा. अधिष्ठाता (विज्ञान व तंत्रज्ञान विद्याशाखा), तसेच गणित अभ्यास मंडळाचे अध्यक्ष व सदस्य

विषय: एमएस्सी (वित्तीय गणित) अभ्यासक्रमाचा आशय, प्रशिक्षण आणि रोजगार यांबाबत

महोदय / महोदया,

पुढच्या वर्षीची माहितीपुस्तिका छापायला जाण्याआधी हे पत्र आपल्या हाती पडावे, एवढ्याचसाठी ही घाई. गेल्या पुस्तिकेत आमच्या अभ्यासक्रमापुढे नोकरीच्या संधी म्हणून चार शब्द छापले होते: क्वांट, ॲक्च्युअरी, इन्व्हेस्टमेंट बँकर, रिस्क मॅनेजर. आमच्यातले बहुतेक जण त्या चार शब्दांवर विसंबून आले. मुलाखतींना बसलो तेव्हा कळले की चारांच्या वाटा वेगळ्या आहेत, परीक्षाही वेगळ्या आहेत आणि त्यांतल्या एका वाटेवर आमची पदवी म्हणजे फार तर पूर्वतयारी.

विषयाबद्दल आमची तक्रार नाही, हे आधीच सांगतो. पॅरिसमध्ये १९०० साली लुई बाशेलिये यांनी सट्ट्याच्या सिद्धांतावर प्रबंध लिहिला, तेव्हा परीक्षकांत आंरी प्वांकारे होते. त्या प्रबंधापासून १९७३ च्या ब्लॅक-शोल्स सूत्रापर्यंतचा प्रवास कुणालाही खिळवून ठेवील. आपल्याला तर तो परकाही नाही. मुंबईच्या बाजारात 'तेजी-मंदी'चे सौदे, म्हणजे आजच्या भाषेत कॉल आणि पुट, गणिताची सूत्रे येण्याच्या कितीतरी आधीपासून होत होते. १९५६ च्या रोखे करार कायद्याने ते बंद केले, १९९५ मध्ये ती बंदी उठली, जून २००० मध्ये निर्देशांकाचे वायदे आणि जून २००१ मध्ये निर्देशांकावरचे ऑप्शन रीतसर सुरू झाले. राष्ट्रीय शेअर बाजार, सेबी, रिझर्व्ह बँक आणि आयुर्विमा महामंडळ या सगळ्यांची मुख्यालये मुंबईत. इतक्या जवळ राहून आमचा विद्यार्थी या जगाकडे फळ्यावरूनच पाहतो, हे आमचे दुखणे आहे.

पहिली मागणी अभ्यासक्रमाच्या क्रमाची. आम्हाला ब्लॅक-शोल्स दुसऱ्या सत्रात शिकवले जाते आणि ज्यावर ते उभे आहे ते मापनाधारित संभाव्यताशास्त्र तिसऱ्या सत्रात येते. वरातीमागून घोडे. इटोच्या सूत्रात 'अर्धा सिग्मा वर्ग' कुठून येतो, हे आमच्यातल्या अनेकांना पदवी हातात पडल्यावरही सांगता येत नव्हते. लिहिता मात्र सगळ्यांना येत होते. साध्या कलनशास्त्रात सूक्ष्म बदलाचा वर्ग नगण्य म्हणून सोडून देतात. ब्राउनियन गतीत तो वर्ग काळाच्या सूक्ष्म बदलाइतकाच भरतो, म्हणून सोडता येत नाही, आणि तिथूनच ते जादा पद येते. एवढे समजायला एक तास पुरतो, पण त्याआधी संभाव्यतेचे एक सत्र व्हायला हवे. संभाव्यता आणि सांख्यिकी पहिल्या सत्रात, स्टोकॅस्टिक कलन दुसऱ्या सत्रात आणि किंमतनिश्चिती त्यानंतर, असा क्रम लावावा.

दुसरी मागणी प्रयोगशाळेची, आणि तिच्याबद्दल आम्ही सर्वाधिक आग्रही आहोत. राष्ट्रीय शेअर बाजाराची भावकॉपी, म्हणजे त्या दिवसाच्या भावांची यादी, रोज संध्याकाळी संकेतस्थळावर येते, कुणालाही फुकट मिळते. दोन वर्षांत ती वर्गात एकदाही उघडली गेली नाही. निफ्टी ऑप्शनचे भाव घेऊन त्यातून गर्भित अस्थिरता काढा, असा एक प्रयोग द्या. विद्यार्थ्याला दिसेल की वेगवेगळ्या स्ट्राइकला ती वेगवेगळी येते आणि आलेखात कडा वर उचललेली रेघ उमटते. ब्लॅक-शोल्स सूत्र तर अस्थिरता एकच धरते. गृहीतक म्हणजे काय आणि ते कुठे मोडते, हे त्या आलेखावरून जसे कळते तसे सिद्धता पाठ करून कळत नाही. पायथॉन आणि आर दोन्ही मोफत आहेत, म्हणजे निधी नाही हे उत्तर इथे लागू पडत नाही. सध्या पायथॉनचा प्रोग्राम उत्तरपत्रिकेवर पेनाने लिहावा लागतो. ओळीआधीची मोकळी जागा चुकली तर ज्या भाषेत प्रोग्राम चालतच नाही, तिची परीक्षा आखीव कागदावर घेणे आणि त्या जागा पट्टीने मोजल्यासारखे गुण कापणे, यावर अधिक काही लिहीत नाही. किमान दोन प्रात्यक्षिक विषयांची परीक्षा संगणकावर व्हावी.

तिसरी मागणी ओजेटीची (ऑन-जॉब ट्रेनिंगची). नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर पहिल्या वर्षी चार क्रेडिटचे कार्यप्रशिक्षण आहे. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात जागा ज्याने त्याने शोधायची, म्हणून कुणी नात्यातल्या सीएच्या कचेरीत पावत्या लावल्या, तर कुणी शिकवणीवर्गाचे प्रमाणपत्र आणून जोडले. विभागाने स्वतः करार करावेत आणि फक्त मोठ्या नावांमागे लागू नये. नागरी सहकारी बँका, पतसंस्था, गृहकर्ज कंपन्या यांच्याकडे वर्षानुवर्षांच्या कर्जखात्यांच्या नोंदी आहेत आणि त्या वाचायला माणूस नाही. मोठ्या बिगरबँक वित्तीय कंपन्यांना २०१८ पासून इंड-एएस लेखामानकांनुसार अपेक्षित कर्जहानीची तरतूद करावी लागते. थकण्याची शक्यता, थकल्यास बुडणारा वाटा आणि त्या वेळची येणे रक्कम, या तिघांच्या गुणाकारात आमचा सगळा अभ्यासक्रम कामाला येतो. रिझर्व्ह बँकेनेही ऑगस्ट २०२४ मध्ये कर्जविषयक मॉडेलांच्या जोखमीबाबत मसुदा काढला, त्यात अशी मॉडेले तपासून घेण्यावर भर आहे. आमच्या माजी विद्यार्थ्यांतले बरेच जण आज हेच काम करतात: मॉडेल तपासणे, पतगुणांकन, जोखीम अहवाल. पुस्तिकेत त्याचा उल्लेखही नाही, कारण 'क्वांट' हा शब्द अधिक चमकतो.

ॲक्च्युअरीबद्दल तर सरळ लिहायला हवे. ॲक्च्युअरी होता येते ते इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडियाच्या परीक्षा देऊन. आधी प्रवेशपरीक्षा, मग एकामागून एक पेपर, आणि सगळे पार पडायला बऱ्याच जणांना अनेक वर्षे लागतात. प्रत्येक विमा कंपनीला नियुक्त ॲक्च्युअरी ठेवावाच लागतो, कंपन्यांच्या ग्रॅच्युइटीच्या दायित्वालाही ॲक्च्युअरीचे मूल्यांकन लागते. म्हणजे वाट खरी आहे, पण ती विद्यापीठाच्या पदवीने संपत नाही. हे प्रवेशाच्या दिवशीच सांगावे. त्या परीक्षांची अभ्याससामग्री ग्रंथालयात ठेवावी. निम्न उत्पन्न गटातील विद्यार्थ्यांना पहिल्या दोन पेपरांचे शुल्क विद्यार्थी कल्याण निधीतून द्यावे. आणि आमच्या सत्रपरीक्षा इन्स्टिट्यूटच्या परीक्षांवर आदळणार नाहीत असे वेळापत्रक लावावे. हे शेवटचे तर बिनखर्चाचे आहे.

शिक्षकांविषयी थोडक्यात. विषयाचे निम्म्याहून अधिक तास तासिका तत्त्वावरचे शिक्षक घेतात. त्यांच्या तळमळीबद्दल आम्हाला आदरच आहे. पण ज्यांना पुढच्या सत्रात आपण असू की नाही हे ठाऊक नाही, त्यांच्याकडून दोन वर्षांच्या प्रकल्पाचे मार्गदर्शन कसे मागावे? पूर्णवेळ जागा भराव्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस'ची सोय केली आहे, तिचा उपयोग करून जोखीम किंवा विमा क्षेत्रात काम केलेली एक व्यक्ती तरी विभागात आणावी.

आणखी एक गोष्ट, थोडी अप्रिय. मागे विभागाच्या सभागृहात 'ऑप्शनमधून दरमहा उत्पन्न' अशा धर्तीचे व्याख्यान झाले आणि त्यानंतर आमच्यातल्या काहींनी वसतिगृहाचे पैसे त्यात घातले. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या काळात वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. वित्तीय गणित शिकवणाऱ्या विभागात हा आकडा फलकावर हवा. सेबीकडे नोंदणी नसलेल्या कोणत्याही सल्लागाराला विभागात व्यासपीठ देऊ नये. तो तोटा का होतो, त्यात व्यवहारखर्चाचा वाटा किती, हा विषय प्रकल्पासाठी द्यावा. विद्यार्थी आनंदाने करतील, काही जण तर स्वानुभवावरून.

मराठी माध्यमातून आलेल्यांची अडचण गणिताची नसते, मुलाखतीत ते गणित इंग्रजीतून उलगडून सांगण्याची असते. त्यासाठी पहिल्या सत्रात दर आठवड्याला एक तास तोंडी मांडणीचा ठेवावा. पण इंग्रजीचा सराव म्हणजे आपल्या शब्दांना रजा नव्हे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त व्याजाची उदाहरणे आहेत. वायदा, मुदत, तारण, हमी हे शब्द तर घरोघरी आहेत. वर्गात ते उच्चारायला कुणी लाजू नये, एवढीच विनंती.

अभ्यास मंडळाच्या पुढच्या बैठकीत आमच्या दोन प्रतिनिधींना बोलवावे आणि प्रत्येक मागणीवर लेखी उत्तर द्यावे. जे शक्य नाही ते का शक्य नाही, तेही लिहावे.

पुस्तिकेतले ते चार शब्द तूर्त काढावेत आणि त्या जागी मागच्या तीन तुकड्यांचा तक्ता छापावा: किती जणांनी पदवी घेतली, किती जण या क्षेत्रात कामाला लागले, कोणत्या पदावर, किती महिन्यांनी, आणि किती जण अजून शोधात आहेत. माजी विद्यार्थ्यांकडून माहिती गोळा करून तक्ता आम्हीच तयार करून देऊ. त्यासाठी पुस्तिकेचे अर्धे पान राखून ठेवावे.

आपले,
आजी-माजी विद्यार्थी संघटना, वित्तीय गणित