शिखराचा दर आणि माघारीची वेळ

एव्हरेस्टवर जायचे म्हटले की आजकाल आधी दरपत्रक मागवावे लागते. काठमांडूतल्या कंपन्यांची अशी दरपत्रके घेऊन तरुण मुले, आणि अलीकडे त्यांचे आईवडीलही, माझ्यासारख्या डोंगरात थोडीफार वर्षे काढलेल्या माणसाकडे सल्ल्यासाठी येतात. पत्रकात सगळे व्यवस्थित लिहिलेले असते. लुक्लापर्यंतचे विमान, तळछावणीवरचा तंबू, तीन वेळचे जेवण, ऑक्सिजनचे सिलिंडर किती, सोबतीला शेर्पा एक की दोन. एक गोष्ट मात्र माझ्या पाहण्यात आलेल्या एकाही पत्रकात नव्हती. शिखर शंभर मीटरवर दिसत असताना ‘आता माघारी फिरायचे’ हे कोणी सांगायचे, किती वाजता सांगायचे आणि ते ऐकण्याचे बंधन कोणावर, याबद्दल एक ओळसुद्धा नाही. माझ्या मते अशा मोहिमेच्या आखणीत पहिला कागद हाच असायला हवा.

१९५३ ची ब्रिटिश मोहीम आठवून पाहा. २९ मे रोजी हिलरी आणि तेनसिंग शिखरावर पोचले, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. त्याच्या तीन दिवस आधी, २६ मे रोजी, त्याच मोहिमेतले बोर्डिलन आणि इव्हान्स हे दोघे दक्षिण शिखरापर्यंत गेले होते. मुख्य शिखर तिथून उंचीने जेमतेम शंभर मीटर. दुपारचा एक वाजला होता, इव्हान्सच्या ऑक्सिजन यंत्रात बिघाड होता, आणि दोघे परतले. त्यांच्या माघारीने मोहीम फसली नाही, कारण ती साऱ्या संघाची होती. दुसरी जोडी खाली तयारच होती. आज पैसे भरून जाणारा प्रत्येक जण म्हणजे स्वतंत्र मोहीम असते. त्याच्या मागे दुसरी जोडी नसते. असते ते फक्त कर्ज.

पैसे मोजून वाटाड्याबरोबर चढण्याची ही पद्धत रुळली ती १९८५ नंतर. त्या वर्षी डिक बास हा पंचावन्न वर्षांचा अमेरिकन उद्योजक डेव्हिड ब्रेशर्स या कसलेल्या गिर्यारोहकाच्या सोबतीने शिखरावर जाऊन आला. पुढच्या दहा वर्षांत या वाटेवर बाजार उभा राहिला. त्या बाजाराचा सर्वांत कडू धडा १० आणि ११ मे १९९६ या दोन दिवसांचा. न्यूझीलंडचा रॉब हॉल हा त्या काळचा सर्वांत नावाजलेला मार्गदर्शक. दुपारी दोननंतर पुढे जायचे नाही, हा दंडक त्याचा स्वतःचाच. त्याच्या गटात एक टपाल कर्मचारी होता. आदल्या वर्षी हॉलनेच त्याला शिखराजवळून परत फिरवले होते; बिचारा पुन्हा पैसे जमवून आला होता. त्या दिवशी तो शिखरावर पोचला तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते आणि हॉल त्याच्यासोबत होता. वादळ आले. दोघेही परतले नाहीत. त्या दोन दिवसांत डोंगराच्या दोन्ही बाजूंना मिळून आठ जण गेले. त्यात तिबेटच्या बाजूने चढणारे भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे तीन जवान होते. हॉलला नियम ठाऊक नव्हता असे कोण म्हणेल? नियम त्यानेच केला होता. पण समोरच्या माणसाने त्या शिखरासाठी काय काय पणाला लावले आहे, हेही त्याला ठाऊक होते.

वेळेचा हा आग्रह कशासाठी, ते ऑक्सिजनच्या हिशेबावरून कळते. एका मोठ्या सिलिंडरमध्ये सुमारे बाराशे लिटर वायू असतो. मिनिटाला दोन लिटरने तो दहा तास पुरतो, चार लिटरने पाच तास. साउथ कोल या सुमारे ७९०० मीटरवरच्या शेवटच्या छावणीतून रात्री निघाल्यावर शिखरापर्यंत दहा-बारा तास आणि उतरायला आणखी पाच-सहा तास धरावे लागतात. म्हणजे रांगेत दोन तास उभे राहिलात तर ते दोन तास परतीच्या श्वासातून कापले जातात. आणि रांगा लागतातच. शिखरावरचे सोसाट्याचे वारे पावसाळ्याआधी, मेच्या उत्तरार्धात, थोडे दिवस ओसरतात आणि सगळे तेवढ्याच दिवसांत निघतात. २२ मे २०१९ रोजी निर्मल पुर्जा यांनी टिपलेले त्या रांगेचे छायाचित्र जगभर छापून आले. नेपाळने त्या मोसमात ३८१ परवाने दिले होते. दोन्ही बाजूंना मिळून अकरा जण मृत्यू पावले. त्यात भारतीय होते, आपल्या महाराष्ट्रातलेही होते.

आता घरातल्या आखणीकडे वळू. सप्टेंबर २०२५ पासून नेपाळने परवान्याचे शुल्क ११ हजार डॉलरवरून १५ हजारांवर नेले आहे; म्हणजे नुसत्या परवान्याचेच बारा लाख रुपयांच्या वर होतात. एकूण खर्च तीस-चाळीस लाखांच्या घरात जातो. मध्यमवर्गीय घरात एवढी रक्कम कशी उभी राहते? थोडी प्रायोजकांकडून, थोडी गावच्या देणगीतून, बाकी दागिने किंवा जमीन गहाण टाकून. निघण्याआधी नगरसेवकाच्या हस्ते सत्कार होतो, चौकात फलक लागतो. हौसेने केलेल्या या गोष्टींना माझी हरकत नाही. फक्त एवढेच दिसते, की त्या मुलाची माघारीची वाट मुंबई सोडण्यापूर्वीच आपण अर्धी बुजवून टाकलेली असते. गिरिप्रेमीसारख्या संस्थेनेही २०१२ साली लोकवर्गणीतूनच एव्हरेस्ट मोहीम काढली आणि तिचे आठ जण शिखरावर पोचले. पण तिथे संघाला नेता होता, वर्षानुवर्षांची एकत्र तयारी होती, आणि नेत्याची मिळकत चढणाऱ्याच्या खिशातून येत नव्हती.

शेर्पांचा प्रश्न याहून बिकट. खुंबूच्या हिमप्रपातातून पैसे भरणारा माणूस मोसमात मोजक्या वेळा जातो. त्याचे सामान वाहणाऱ्याला त्याच्या कितीतरी पट फेऱ्या कराव्या लागतात. १८ एप्रिल २०१४ रोजी तिथे हिमकडा कोसळून सोळा नेपाळी कामगार ठार झाले. सरकारने कुटुंबांना तातडीची मदत जाहीर केली ती चाळीस हजार नेपाळी रुपयांची. शेर्पांनी काम थांबवले, त्या बाजूचा मोसम बुडाला, मग कुठे विम्याची रक्कम पंधरा लाखांवर गेली. दरपत्रकात ‘स्वस्त’ आणि ‘महाग’ यांत जो फरक दिसतो, त्यातला बराचसा या माणसांच्या पाठीवरचा असतो.

नियम बदलत आहेत, नाही असे नाही. २०२४ मध्ये नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने परवान्यांवर मर्यादा घालण्याचा आदेश दिला. आठ हजार मीटरवरील शिखरांसाठी दोन आरोहकांमागे एक मार्गदर्शक, हे २०२५ पासून बंधनकारक झाले. त्याच वर्षी आलेल्या विधेयकात एव्हरेस्टआधी सात हजार मीटरचे एक शिखर चढलेले असावे, अशी अट घातली गेली. अट रास्त आहे. मात्र ते शिखर नेपाळमधलेच हवे म्हणे! गढवालमधल्या ७०७५ मीटरच्या सतोपंथवर शिकलेला माणूस कच्चा कसा, हे मला तरी उमगत नाही. यात सुरक्षेइतकाच धंद्याचा वास येतो. आणि मार्गदर्शक किती, हे नियमाने ठरले तरी त्याचा शब्द अंतिम की गिऱ्हाइकाचा, हे ठरलेले नाहीच.

म्हणून विचारायला येणाऱ्यांना मी आधी उत्तरकाशीचा किंवा दार्जिलिंगचा प्राथमिक व प्रगत अभ्यासक्रम, मग सहा हजारी, मग सात हजारी शिखर, असा चार-पाच वर्षांचा रस्ता सांगतो. निम्मे जण तिथेच गळतात. उरलेल्यांना करारात दोन ओळी घालून घ्यायला सांगतो. पहिली, माघारीची वेळ आकड्यात लिहावी आणि ती पाळण्याचा अधिकार सोबतच्या शेर्पाला द्यावा. दुसरी बक्षिसाबद्दल. गिऱ्हाईक शिखरावर पोचले की शेर्पाला साधारण दीड-दोन हजार डॉलर वेगळे देण्याची रीत आहे. न पोचल्यास ती रक्कम बहुधा कमी होते किंवा बुडते. म्हणजे ज्याने ‘परत फिर’ म्हणायचे, त्याचेच तसे म्हटल्याने नुकसान! तेव्हा साउथ कोलच्या वर पाऊल पडले की बक्षीस पूर्ण द्यायचे, शिखर होवो न होवो, असे लिहून घ्यावे आणि ही रक्कम घर सोडतानाच वेगळी काढून ठेवावी. चाळीस लाखांच्या हिशेबात हे दीड-दोन लाख जड नाहीत. तरीही या ओळीवर अनेक वडील थबकतात. शिखर झाले नाही तर बक्षीस कशाचे, असे विचारतात.