आधी गळती दाखवा, मग गॅस टाका!

छत्रपती संभाजीनगरमधील एसी वापरणाऱ्या सर्व कुटुंबांना, गृहनिर्माण सोसायट्यांना आणि एसी दुरुस्त करणाऱ्या कारागिरांना कळकळीचे आवाहन

महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असे जुनी माणसे सांगतात. मराठवाड्यात तिच्या पाठोपाठ ऊन येते आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. त्या दिवसांत एसी बंद पडला, की मेकॅनिकला दहा फोन करावे लागतात आणि तो येईल तेव्हा सांगेल तो आकडा मान्य करावा लागतो. घरात म्हातारे माणूस किंवा तान्हे बाळ असेल तर घासाघीस करण्याचे त्राणही उरत नाही. म्हणून हे आवाहन आत्ताच, होळीच्या आधी.

आपल्या शहरात एसी ही आता केवळ चैन राहिलेली नाही. इथल्या कोरड्या हवेत कूलर खरे तर उत्तम चालतो आणि त्याला वीजही कमी लागते. पण कूलरला रोज पाणी लागते. जायकवाडीचे पाणी नळाला कित्येक दिवसांनी येणाऱ्या वसाहतींत प्यायच्या टाक्या भरायच्या की कूलर, असा प्रश्न असतो. टँकर विकत घेणाऱ्या सातारा-देवळाईच्या रहिवाशांना हे वेगळे सांगायला नको. त्यामुळे अनेक मध्यमवर्गीय घरांनी हप्त्यावर एसी घेतला. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने खरेदी आणखी सोपी झाली. एसी घेताना आपण चार दुकाने फिरतो, स्टार मोजतो. तो सांभाळायला किती खर्च येतो आणि त्यातला कोणता खर्च रास्त, हे मात्र विचारायचे राहून जाते.

सगळ्यांत जास्त पैसा जातो तो एका वाक्यावर : “गॅस कमी झालाय, टाकावा लागेल.” नागरिकहो, एवढे एक पक्के लक्षात ठेवा. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. नळ्या, जोड आणि कॉइल शाबूत असतील तर कारखान्यात भरलेला गॅस वर्षानुवर्षे पुरतो. गॅस खरोखर कमी झाला असेल, तर तो कुठून तरी गळतो आहे. गळती न शोधता गॅस टाकणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे. पुढच्या उन्हाळ्यात तेच वाक्य आणि तेवढेच बिल ठरलेले.

थंडावा कमी होण्याची कारणे बहुतेक वेळा याहून साधी असतात. आपल्याकडे धूळ भरपूर. बीड बायपासलगतच्या इमारती असोत की वाळूज औद्योगिक परिसर, पंधरा दिवसांत फिल्टरवर करडा थर बसतो. मग हवा खेळत नाही आणि खोली गार होत नाही. कधी कॉइलवर बर्फही धरतो. बर्फ दिसला की गॅस गेला, असा निष्कर्ष लगेच काढला जातो. पण तुंबलेल्या फिल्टरमुळेही बर्फ धरतो. फिल्टर काढून नळाखाली धुवायला दहा मिनिटे लागतात आणि खर्च शून्य.

आता हिशेब पाहू. दीड टनाचा एसी तासाला सरासरी एक युनिट घेतो आणि रोज आठ तास चालतो असे धरा. महिन्याला २४० युनिट झाले. मळक्या फिल्टरने त्यात दहा टक्के वाढ केली तर २४ युनिट जास्त, म्हणजे चार महिन्यांत ९६. युनिटमागे सगळे आकार धरून १५ रुपये पडत असतील तर १,४४० रुपये नुसते धुळीपायी गेले. शिवाय महावितरणचे दर टप्प्याटप्प्याने चढतात. एसीबरोबर फ्रिज-पंखे धरून वापर ३०० युनिटच्या वर गेला, की पुढचे प्रत्येक युनिट महाग पडते. कॉइल पाण्याच्या दाबाने धुण्याची साधी सर्व्हिस आज साधारण ५०० ते ८०० रुपयांत होते. पूर्ण गॅस भरायचा तर अडीच ते चार हजार मोजावे लागतात. गाव, कंपनी आणि मजला यांनुसार आकडे कमी-जास्त होतील. पण पाचशेची धुलाई टाळून दरवर्षी तीन हजारांचा गॅस घेणे कोणत्याच हिशेबात बसत नाही.

यात नुकसान फक्त खिशाचे होत नाही. अनेक एसींमध्ये असलेला आर-४१०ए हा वायू एक किलो हवेत सुटला, तर त्याची उष्णता कोंडून धरण्याची क्षमता दोन हजार किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइडइतकी असते. नव्या एसींमधला आर-३२ त्या मानाने सौम्य, तरी तोही सुमारे पावणेसातशे पट. असे वायू टप्प्याटप्प्याने कमी करण्याच्या किगाली कराराला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली आहे. आपल्या गच्चीवरची गळती त्या हिशेबातही मोडते.

म्हणून प्रत्येक घराला विनंती :

१. या रविवारी फिल्टर काढून धुवा. सावलीत वाळवून बसवा. उन्हाळाभर दर पंधरा दिवसांनी हेच करा. आधी मेन स्विच बंद करायला विसरू नका.

२. वर्षातून एकदा, शक्यतो मार्चच्या आत, इनडोअर आणि आउटडोअर दोन्हींची पूर्ण सर्व्हिस करून घ्या. ड्रेन पाइप, वायरिंग आणि एमसीबी त्याच वेळी तपासून घ्या. जळका वास येत असेल किंवा प्लग तापत असेल तर एसी लगेच बंद ठेवा.

३. मेकॅनिक गॅस सांगू लागला तर गळतीची जागा दाखवायला सांगा. आउटडोअरच्या पाटीवर गॅसचा प्रकार आणि वजन लिहिलेले असते. गळती बुजवून, व्हॅक्यूम पंप लावून, काट्यावर मोजून तेवढाच गॅस भरला जातो ना, हे समोर उभे राहून पाहा. आर-३२ पेट घेऊ शकतो. त्याचे काम शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्या.

४. पैसे देण्याआधी वॉरंटी कार्ड वाचा. कंप्रेसरची वॉरंटी बहुधा इतर भागांपेक्षा जास्त वर्षांची असते. वार्षिक करार घेताना गॅस, पीसीबी (सर्किट बोर्ड) आणि पाण्याने धुलाई त्यात धरली आहे का, हे लेखी घ्या.

५. बिल मागा. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा.

६. एसी २४ अंशांवर ठेवा. १ जानेवारी २०२० पासून स्टार असलेले नवे एसी सुरू होताना याच तापमानावर येतात. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या मते एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते.

७. ड्रेनचे पाणी बादलीत धरा. ते पिऊ नका. फरशी आणि कुंड्यांना चालते.

सोसायट्यांना विनंती : वीस फ्लॅटचे काम एका दिवशी एकत्र द्या. दर आधी लेखी ठरवा. तिसऱ्या मजल्याच्या छज्ज्यावर चढणाऱ्या माणसाला सेफ्टी बेल्ट मिळाल्याशिवाय काम सुरू होऊ देऊ नका.

मेकॅनिक बंधूंनाही विनंती : आयटीआयमध्ये दोन वर्षे घालवून तुम्ही हे काम शिकता, भर उन्हात पत्र्यावर बसून ते करता. त्या मेहनतीचे पूर्ण पैसे मागा, आणि ग्राहकांनीही ते कुरकुर न करता द्यावेत. गळती शोधण्याचे वेगळे पैसे लावा, पण ती शोधल्याशिवाय गॅस टाकू नका. दुकानात दरपत्रक लावा. ज्याच्या दारावर दर लिहिलेले असतील, त्याच्याकडे गिऱ्हाईक दरवर्षी परत येईल.

शहरातील प्रत्येक एसीधारकाने होळीच्या आत आपला फिल्टर धुवावा, सर्व्हिसची तारीख ठरवावी आणि शेजारच्या एका घराला हे सांगावे. आणि यंदा दारात उभे राहून एकच वाक्य ठामपणे म्हणावे : आधी गळती दाखवा, मग गॅस टाका.