आधी निदान, मग दुरुस्ती



लॅपटॉप चालेनासा झाला की घरात साधारणपणे तीन मते ऐकू येतात. एक जण म्हणतो, "बॅटरी गेली." दुसरा म्हणतो, "छे, मदरबोर्डच गेला असणार." तिसरा म्हणतो, "जुना झाला, आता नवाच घ्या." गंमत अशी, की या तिघांपैकी कोणीही त्या यंत्राला एकसुद्धा प्रश्न विचारलेला नसतो. आरोपीची साक्ष न घेताच निकाल जाहीर होतो आणि दंड मात्र वडिलांच्या खिशाला बसतो.

हे मी दुसऱ्यांना हसण्यासाठी लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी माझा लॅपटॉप अडॅप्टर जोडलेला असताना उत्तम चालत असे. अडॅप्टर काढला की तत्काळ बंद. बॅटरी संपली असे मी क्षणात ठरवले आणि साडेतीन हजार रुपये मोजून नवी आणली. तिच्यात मुळात जी थोडी ऊर्जा साठवलेली होती तिच्यावर यंत्र तासभर चालले आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न! आता मी म्हणू लागलो, "मदरबोर्ड गेला." तेव्हा आमच्या प्रयोगशाळा सहायकांनी शांतपणे दुसरा, त्याच जातीचा अडॅप्टर आणून जोडला. बॅटरी भरू लागली. जुनी बॅटरी बसवून पाहिली, तीही भरू लागली! माझ्या अडॅप्टरच्या टोकाच्या मधोमध असलेली बारीक पिन मोडलेली होती. काही लॅपटॉप या पिनेवरून अडॅप्टरची ओळख पटवतात. ओळख पटली नाही, तर यंत्र चालते, पण बॅटरी भरण्याचे नाकारते. यंत्र सुरू होताना पडद्यावर तशी सूचनाही येत असे. मी ती न वाचता कळ दाबून पुढे जात असे. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच! वर्गात ओहमचा नियम शिकवणाऱ्या माणसाने हे करावे, याची मला आजही लाज वाटते.

चूक कुठे झाली? मी संशयित दोनच धरले होते: बॅटरी आणि मदरबोर्ड. ऊर्जेचा मार्ग मी डोळ्यांपुढे आणलाच नव्हता. तो आपण आता आणू या. भिंतीतल्या सॉकेटमधून २३० व्होल्टची प्रत्यावर्ती धारा अडॅप्टरमध्ये येते. अडॅप्टर तिचे रूपांतर साधारण १९ ते २० व्होल्टच्या दिष्ट धारेत करतो. ती लॅपटॉपच्या कडेच्या खाचेतून मदरबोर्डवर पोहोचते. तिथे तिला दोन वाटा फुटतात: एक यंत्र चालवण्याकडे जाते, दुसरी बॅटरी भरणाऱ्या मंडलाकडे. शेवटी येते बॅटरी. तिच्यात लिथियम-आयन घट असतात आणि त्यांच्यावर देखरेख करणारे स्वतःचे एक छोटे मंडलही असते. म्हणजे संशयित दोन नव्हेत, निदान पाच आहेत. आता प्रत्येकाला असा प्रश्न विचारायचा, की उत्तर 'होय' किंवा 'नाही' यावे आणि प्रत्येक उत्तराने कोणीतरी संशयातून सुटावे.

पहिला प्रश्न सॉकेटला: तिथे दुसरे उपकरण चालते का? दुसरा अडॅप्टरला. त्याच्या पाठीवर, उदाहरणार्थ, '१९.५ व्होल्ट, ३.३३ अँपिअर' असे छापलेले असते. गुणाकार करा, ६५ वॅट येतील. शिक्षकांच्या देखरेखीखाली मल्टिमीटरने त्याच्या टोकाशी विभवांतर मोजता येते. शून्य आले तर अडॅप्टर किंवा त्याची वायर सदोष. पण १९.५ आले म्हणून तो निर्दोष ठरला असे मानू नका. मोजताना त्यातून जवळजवळ धारा वाहतच नाही. लॅपटॉपने दोन-तीन अँपिअर मागितल्यावर तेच विभवांतर कोसळू शकते. आणि माझ्या अडॅप्टरप्रमाणे विभवांतर बरोबर असून ओळखीची पिन मोडलेली असू शकते. म्हणून खात्रीचा उपाय एकच: चांगला असल्याचे ठाऊक असलेला, त्याच जातीचा दुसरा अडॅप्टर लावून पाहणे. टाइप-सी प्रकारच्या चार्जरला तर मल्टिमीटरची कसोटी लागूच पडत नाही, कारण तो आणि लॅपटॉप आधी आपसांत बोलणी करून किती व्होल्ट द्यायचे ते ठरवतात.

तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. बॅटरी बाहेर काढता येण्याजोगी असेल तर ती काढा आणि यंत्र केवळ चांगल्या अडॅप्टरवर चालवून पाहा. चालले, तर अडॅप्टर, खाच आणि मदरबोर्डचा मुख्य भाग सुटले. संशय उरला बॅटरीवर आणि ती भरणाऱ्या मंडलावर. चालले नाही, तर बॅटरी बदलून काहीच साधणार नाही. दोष खाचेत किंवा मदरबोर्डवर आहे. मात्र हा निकाल देण्यापूर्वी बॅटरी व अडॅप्टर दोन्ही काढून सुरू करण्याची कळ अर्धा मिनिट दाबून धरा आणि मग पुन्हा प्रयत्न करा. आत उरलेला भार त्यामुळे निघून जातो आणि अडकून बसलेले नियंत्रक मंडल कधी कधी ताळ्यावर येते. काही लॅपटॉप बॅटरीवाचून सुरूच होत नाहीत, म्हणून सोबतची पुस्तिका आधी वाचावी.

चौथा प्रश्न बॅटरीला. विंडोजसारख्या प्रणालीत बॅटरीचा अहवाल मागवता येतो. त्यात मूळ क्षमता आणि आता पूर्ण भरल्यावरची क्षमता असे दोन आकडे असतात. मूळ ४१ वॅट-तास आणि आता १८ असतील, तर बॅटरी निम्म्याहून अधिक झिजली. उलट आकडे जवळजवळ सारखे असून ती भरतच नसेल, तर बॅटरीकडून लक्ष काढून इतरत्र पाहावे. शेवटची कसोटी अदलाबदलीची: मित्राच्या त्याच मॉडेलच्या लॅपटॉपमधील चांगली बॅटरी तुमच्या यंत्रात भरते का? चांगला अडॅप्टर असूनही ती भरत नसेल, तर मदरबोर्डवरील मंडलावर बोट ठेवायला आता तुमच्याकडे आधार आहे.

एक कोडे मात्र राहते. पडद्यावर ४० टक्के दिसत असताना लॅपटॉप अचानक विझतो. "चाळीस टक्के आहेत, म्हणजे बॅटरी चांगली, मदरबोर्डच गेला," असा तर्क सर्रास होतो. तुमच्या पुस्तकातला घटाचा अंतर्गत रोध इथे उपयोगी पडतो. समजा, तीन घट एकसरीत आहेत आणि त्यांचे मिळून ११.१ व्होल्ट होतात. यंत्राने ३ अँपिअर घेतले. नव्या बॅटरीचा अंतर्गत रोध ०.१५ ओहम धरला, तर ०.४५ व्होल्ट आतच खर्च होऊन बाहेर १०.६५ मिळतात. बॅटरी म्हातारी होऊन रोध ०.७५ ओहम झाला, तर २.२५ व्होल्ट आत जातात आणि बाहेर उरतात अवघे ८.८५. ९ व्होल्टच्या खाली यंत्र बंद करायचे असे मंडलाला सांगितलेले असेल, तर दिवा विझणारच. घटात भार आहे, पण तो झपाट्याने बाहेर काढता येत नाही! परीक्षेत चार गुण मिळवून देणारे समीकरण इथे हजारो रुपये वाचवते.

या साऱ्यात एकच सूत्र आहे: एका वेळी एकच गोष्ट बदला. अडॅप्टर आणि बॅटरी एकदम नवे आणले आणि यंत्र सुरू झाले, तर दोष कोणाचा हे कधीच कळणार नाही. जॉन स्टुअर्ट मिल या तत्त्वज्ञाने १८४३ साली तर्कशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात ही भेदाची रीत मांडली. आपण ती प्रयोगवहीत लिहितो आणि दुकानात विसरतो.

कोणी म्हणेल, हे काम कारागिराचे आहे, मुलांचे नव्हे. दुरुस्ती कारागिराचीच, हे मला पूर्ण मान्य आहे. अडॅप्टर मुळीच उघडू नका. त्यातील धारित्रावर ३२५ व्होल्टपर्यंत दाब असू शकतो. फुगलेली बॅटरी दाबू, टोचू किंवा वापरू नका. ती आग पकडू शकते, म्हणून ती बॅटरी कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रातच द्यावी. पण "मदरबोर्ड गेला, बदलावा लागेल," असे कोणी सांगितले, तर "ते कशावरून ठरवले?" असे विचारण्याचा हक्क तुमचा आहे. चांगला कारागीर या प्रश्नाने रागावत नाही, कारण त्याने ते तपासलेले असते. अनेकदा बोर्डावरचा एखादा लहानसा घटक बदलूनही काम भागते. चांगली बॅटरी किंवा चांगला बोर्ड फेकून देणे हे पैशाचे नुकसान आहेच. शिवाय त्यासाठी खणून काढलेले लिथियम, कोबाल्ट आणि तांबेही वाया जाते.

आता शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. आपल्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्याला उपकरण मिळते ते धडधाकट, आणि उत्तर आधीच ठाऊक असते. बिघडलेले उपकरण आपण लपवतो. मला वाटते, तेच पुढे आणावे. एक घट, एक बल्ब, एक कळ आणि चार तारा यांची तीन-चार मंडले बनवावी. एकात उतरलेला घट, दुसऱ्यात आवरणाखाली तुटलेली तार, तिसऱ्यात गंजलेला जोड असे दोष मुद्दाम ठेवावे. हाती व्होल्टमापी द्यावा. दोष सापडल्याचे गुण कमी आणि प्रश्न कोणत्या क्रमाने विचारले, कोणत्या उत्तराने कोण सुटले, याचे अधिक. वर्ग मोठे आहेत, अभ्यासक्रम संपत नाही, हे मीही रोज अनुभवतो. पण सत्रातून दोन तास आणि शे-दोनशे रुपयांचे साहित्य एवढाच हा खर्च आहे. त्यातून अंदाज आणि पुरावा यांतला फरक ज्या मुलाला कळेल, तो पुढे डॉक्टर झाला काय, शेतकरी झाला काय किंवा मतदार झाला काय, त्याला फसवणे सोपे जाणार नाही.

तेव्हा मित्रहो, पुढच्या वेळी घरातले एखादे यंत्र रुसले, तर तोंडून पहिला शब्द 'गेला' असा येऊ देऊ नका. 'पाहू या' असा येऊ द्या.