निनावी सेवेचे ऋण

स्वातंत्र्ययुद्ध म्हटले की रणांगण, सेनापती आणि तोफांचा गडगडाट डोळ्यांसमोर उभा राहतो. शत्रूच्या छावणीत वावरून त्याचे बेत हेरणारा माणूस मात्र क्वचितच आठवतो. सैनिकाला निदान वीरमरणाचा मान लाभतो. पकडल्या गेलेल्या हेराच्या वाट्याला फाशीचा दोर येतो आणि यशस्वी हेराच्या वाट्याला बहुधा विस्मृती.

अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध (१७७५ ते १७८३) याची साक्ष देते. सप्टेंबर १७७६ मध्ये नेथन हेल या एकवीस वर्षांच्या अधिकाऱ्याला इंग्रजांनी न्यूयॉर्क येथे हेरगिरीबद्दल फाशी दिले. पुढे, १७७८ पासून, सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन यांचे हेर त्याच परिसरातून टोपणनावे, अदृश्य शाई आणि अंकांची सांकेतिक भाषा वापरून वार्ता धाडू लागले. त्यांच्या संकेतकोशात ७११ हा अंक खुद्द वॉशिंग्टन यांच्यासाठी होता.

याच युद्धात जेम्स आर्मिस्टेड नावाचा व्हर्जिनियातील एक कृष्णवर्णीय गुलाम १७८१ मध्ये फ्रेंच सेनानी लाफायेत यांचा हेर झाला. सेवकाच्या रूपाने तो इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस याच्या छावणीत शिरला. गुलामापुढे बोलताना अधिकारी सावध राहत नसत. त्यांची ही बेफिकिरीच त्याच्या कामी आली. ऑक्टोबर १७८१ मध्ये यॉर्कटाउन येथे कॉर्नवॉलिस शरण आला. हाच कॉर्नवॉलिस पुढे १७८६ मध्ये हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल झाला.

देश स्वतंत्र झाला; जेम्स मात्र गुलामच राहिला. सैनिक म्हणून लढलेल्या गुलामांना मुक्त करणारा कायदा व्हर्जिनियाने १७८३ मध्ये केला, परंतु हेर हा सैनिक नव्हे, म्हणून तो त्याच्या उपयोगी पडला नाही. जेम्सने चिकाटीने अर्ज केला. त्याने वार्ता परिश्रमाने मिळवल्या व निष्ठेने पोहोचवल्या, अशी लेखी ग्वाही लाफायेत यांनी दिली. तेव्हा कोठे १७८७ मध्ये त्याची मुक्तता झाली. कृतज्ञतेपोटी त्याने लाफायेत हे आडनाव धारण केले.

हेरगिरी म्हणजे कपट. मग तिचा गौरव कशाला, असा आक्षेप घेतला जातो. परंतु शत्रूशी कपट करणाऱ्या हेराला स्वपक्षाशी कमालीचे सत्यनिष्ठ राहावे लागते. त्याने फौजेचा आकडा चुकीचा कळवला, तर शेकडो प्राण हकनाक जातात. शिवाय जेम्सने जे स्वातंत्र्य आपल्या वाट्याला येईल याची शाश्वती नव्हती, त्यासाठीच जीव धोक्यात घातला. अशा सेवेला केवळ गणवेश नव्हता म्हणून कमी लेखणे हा कृतघ्नपणाच होय.

गुप्तता ही युद्धकाळाची गरज असते. युद्ध संपल्यावरही तिच्या आडोशाला राहून उपकारकर्त्याला विसरणे हा मात्र अन्याय आहे. स्वातंत्र्य मिळवून देणाऱ्या प्रत्येक हाताला त्या स्वातंत्र्यात वाटा मिळाला पाहिजे, मग त्या हातात तलवार असो वा नसो.