वेळेचा हिशेब कोणत्या खात्यात?

मोबाईलच्या पडद्यावर बाजारभाव पाहत राहणे हा अलीकडे अनेक नोकरदारांचा नित्यक्रम झाला आहे. शेअर बाजारातील नियमित व्यवहार सकाळी सव्वानऊला सुरू होतात आणि दुपारी साडेतीनला थांबतात. नेमकी हीच वेळ कार्यालयीन कामाचीही असते. समभागांची खरेदी-विक्री करणारा गुंतवणूकदार मुद्दल, दलाली आणि कर यांची काटेकोर नोंद ठेवतो. त्यासाठी खर्ची पडलेल्या तासांची नोंद मात्र कोणत्याच खात्यात होत नाही. वस्तुतः वेळ हेही भांडवलच आहे, आणि एकदा गेलेले हे भांडवल पुन्हा उभे करता येत नाही.

एक साधे उदाहरण पाहावे. एखाद्या कर्मचाऱ्याची समभागांतील गुंतवणूक २ लाख रुपये आहे. तो रोज एक तास अभ्यास करतो आणि त्या बळावर सर्वसाधारण बाजारापेक्षा ३ टक्के अधिक परतावा मिळवतो, असे गृहीत धरले, तर ही जादा कमाई वर्षाला ६,००० रुपये होते. बाजाराचे कामकाजाचे दिवस सुमारे २५० धरले, तर एका तासाचा मोबदला पडतो २४ रुपये! त्यातूनही दलाली आणि कर वजा व्हायचे. २३ जुलै २०२४ पासून सूचिबद्ध समभाग वर्षाच्या आत विकल्यास नफ्यावर २० टक्के कर आहे. त्याहून अधिक काळ ठेवल्यास वार्षिक १.२५ लाख रुपयांपुढील नफ्यावर साडेबारा टक्के. म्हणजे वारंवार उलाढाल करणाऱ्याला भुर्दंडही अधिक.

मुळात हा ३ टक्क्यांचा लाभ तरी पदरात पडेल का? नोबेल पारितोषिक विजेते अर्थतज्ज्ञ विल्यम शार्प यांनी १९९१ साली एक सरळ गणित मांडले. सारे गुंतवणूकदार मिळूनच बाजार बनतो. त्यामुळे एकाला सरासरीपेक्षा जास्त मिळाले, तर दुसऱ्याला कमी मिळणारच. खर्च वजा जाता, सक्रिय गुंतवणूकदारांची सरासरी बाजाराच्या मागेच राहते. 'सेबी'चे आकडेही बोलके आहेत. २०२२-२३ मध्ये रोख बाजारात एकाच दिवसात खरेदी-विक्री करणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सात जण तोट्यात गेले. वायदे व ऑप्शन्समध्ये तर २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत ९३ टक्के व्यक्तींना तोटा झाला. हे आकडे दीर्घ मुदतीच्या गुंतवणुकीचे नव्हेत, हे खरे. परंतु क्षणोक्षणी भाव पाहण्याची सवय माणसाला हळूहळू याच वाटेकडे ओढते.

याचा अर्थ अभ्यासच करू नये, असा नाही. ज्याला ताळेबंद वाचण्यात गोडी आहे, त्याने तो छंद अवश्य जोपासावा. मात्र त्यासाठी बचतीचा लहानसा हिस्सा वेगळा ठेवावा आणि त्याला उपजीविकेचे साधन समजू नये. ज्याची गुंतवणूक ५० लाखांची आहे, त्याच्या तासाचे मोल उपरोक्त हिशेबाने ६०० रुपये होईल. पण जादा परताव्याची शाश्वती त्यालाही नाही.

सर्वसामान्य नोकरदारासाठी निर्देशांकावर आधारित, अल्प खर्चाच्या फंडात दरमहा ठरावीक रक्कम गुंतवणे हा अधिक सुज्ञ मार्ग होय. अर्थात तोही निर्धोक नाही. २००८ साली निफ्टी वर्षभरात निम्म्याहून अधिक घसरला होता. म्हणूनच पाच-सात वर्षांत लागणारा पैसा बाजारात न ठेवता मुदत ठेवीसारख्या स्थिर साधनात असावा.

वाचलेला वेळ कोठे द्यावा? दरमहा ५०० रुपयांची अधिक बचत केली, तरी वर्षाला तेच ६,००० रुपये साठतात. ते स्वतःच्याच मिळकतीतले असले, तरी त्यांची जमा निश्चित असते. प्रत्येक खात्यावर नामनिर्देशन झाले आहे का, आरोग्य विमा पुरेसा आहे का, घरातील दुसऱ्या व्यक्तीला या व्यवहारांची माहिती आहे का, हे तपासण्यास एक रविवार पुरतो. अनेक घरांत ही कामे वर्षानुवर्षे राहून जातात आणि त्याची किंमत पुढे कुटुंबाला मोजावी लागते. रोजच्या बाजारभावापूर्वी गुंतवणूकदाराने या कामांना वेळ द्यावा, हेच श्रेयस्कर.