गच्चीवरून गच्चीवर इंटरनेट
जयपूरच्या जोहरी बाजारात रत्नांची पेढी एका इमारतीत आणि खड्यांना पैलू पाडण्याचे काम गल्लीपलीकडच्या दुसऱ्या इमारतीत, अशी मांडणी आढळते. पेढीचे इंटरनेट तिकडे न्यायचे तर अडचण अंतराची नसते, भिंतींची असते. 1727 मध्ये वसवलेल्या या शहरातल्या जुन्या हवेल्यांच्या दगडी-चुन्याच्या जाड भिंतींत वाय-फायचा सिग्नल जिरून जातो. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतोही, त्यामुळे वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. खरा उपाय गच्चीवर आहे: दोन्ही इमारतींवर 5 गिगाहर्ट्झचे अँटेना समोरासमोर रोखायचे. 2018 पासून या पट्ट्याचा मोठा भाग भारतात परवानामुक्त आहे. पण दोन अँटेना एकमेकांना नुसते दिसून भागत नाही. 500 मीटरच्या जोडणीत मध्यावर, सरळ रेषेभोवती सुमारे अडीच मीटर त्रिज्येची जागा सिग्नलला लागते. रेषेपासून निदान दीड मीटर तरी मोकळे हवेच. म्हणूनच कडेची पाण्याची टाकी किंवा पत्र्याची शेडही नडते. वीज आणि डेटा एकाच लॅन केबलने वर जातात. तिची लांबी 100 मीटरच्या आत ठेवावी, खांबाला अर्थिंग द्यावे. मकरसंक्रांतीला इथल्या गच्च्या पतंगबाजांनी फुलतात, तेव्हा मांजा अडकून अँटेनाची दिशा हलली नाही ना, हे नंतर तपासलेले बरे. पलीकडचा राउटर फक्त ॲक्सेस पॉइंट म्हणून चालवावा आणि आयपी पत्ते पेढीच्या राउटरनेच वाटावेत; नाहीतर इंटरनेट चालते, पण पेढीतला प्रिंटर तिकडून सापडत नाही.