डबा आणि दाखला

चाकोरी : वाहनविषयक साप्ताहिक स्तंभ

गेल्या रविवारी जालन्यात अंबड चौफुलीकडे जाताना एका मिस्त्रीच्या पत्र्याच्या शेडखाली माझ्या एका जुन्या स्नेह्यांची चंदेरी होंडा सिटी जॅकवर चढविलेली दिसली, आणि वाहनांविषयी दर आठवड्याला काही ना काही लिहिणाऱ्या मनुष्याचे पाय अशा ठिकाणी आपसूक थांबतात, म्हणून मीही थांबलो. गाडीच्या पोटाखालून नुकताच सोडविलेला, दीड वीत लांबीचा, उष्णतेने निळसर-तांबूस पडलेला एक पोलादी डबा मिस्त्रीने गोणपाटावर ठेवला होता. त्याच्या एका तोंडाशी त्याने मोबाईलची बॅटरी धरली आणि दुसऱ्या तोंडाला डोळा लावण्याची मला खूण केली. आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक चौकोनी छिद्रे होती. परंतु काठावरची वीस-पंचवीस सोडली तर एकातूनही उजेड पलीकडे येत नव्हता, आणि बोट लावले तर बोटाला तेलकट काजळी लागली. ‘कामून एवढा इचार करायले शेठ?’ मिस्त्री स्नेह्यांना म्हणाला, ‘हा डबा काढून टाकू, सरळ पाईप मारू. गाडी मोकळी होती.’

स्नेही बियाण्यांचे व्यापारी. व्यवहारात नाण्याच्या दोन्ही बाजू पाहणारे, परंतु या एका गाडीपुरते भाबडे. २००१ साली घेतलेली, एमएच २१ क्रमांकाची, दीड लिटरच्या व्हीटेक इंजिनाची ही गाडी १०६ अश्वशक्तीची होती, आणि त्या काळात आपल्याकडच्या मध्यम मोटारींत एवढे बळ दुर्मीळ होते. फेऱ्या चढत गेल्या की झडपांच्या उघडझापीची तऱ्हाच पालटणारे ते इंजिन साडेसहा हजारांच्या पुढे जो स्वर लावते तो ज्याने एकदा ऐकला आहे, त्याला पंधरा वर्षांची नोंदणी संपल्यावर पर्यावरण कर भरून, दर पाच वर्षांनी तपासणीला रुजू होऊन ती गाडी जतन करण्याचा सोस का सुटत नाही, हे समजावून सांगावे लागत नाही. समृद्धी महामार्ग जालन्यावरून गेल्यापासून तर हा सोस अधिकच बळावला आहे. अलीकडे मात्र चढावर गाडी दम तोडते, चार हजारांपुढे जात नाही, अशी त्यांची तक्रार होती.

आता या डब्याची कैफियतही ऐकली पाहिजे, कारण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हे लांबलचक नाव असलेला आणि मिस्त्रींच्या तोंडी नुसता ‘कॅट’ उरलेला हा पदार्थ स्वतःच्या बचावाचे एक अक्षरही बोलू शकत नाही. मातीच्या भाजलेल्या विटेत चौरस इंचाला चारशेच्या आसपास उभ्या नळ्या, त्यांच्या कागदासारख्या पातळ भिंतींवर प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अवघ्या काही ग्रॅमांचा लेप, आणि अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्यानंतर त्या लेपाच्या केवळ सान्निध्यात घडून येणारे परिवर्तन, ज्यात विषारी कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळलेले पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि साधा नायट्रोजन होऊन बाहेर पडतो. लेप मात्र स्वतः खर्ची पडत नाही. त्याचा एक हाडवैरी शिसे. म्हणून १९९५ च्या एप्रिलमध्ये हा डबा नव्या पेट्रोल मोटारींना सक्तीचा झाला तो प्रथम चार महानगरांपुरताच, कारण शिसेविरहित पेट्रोल तेथेच मिळे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाचे पेट्रोल बंद झाले, तेव्हा कोठे जालन्याच्या पंपावर या डब्याला पथ्याचे अन्न मिळू लागले. म्हणजे स्नेह्यांची गाडी या मुलखात ज्यांचा डबा खऱ्या अर्थाने चालू शकला अशा पहिल्या पिढीतली. आणि तिच्याच पोटातून तो उपटावयाचा प्रस्ताव होता.

वैऱ्यांपैकी शिसे गेले, तेल राहिले. पिस्टनच्या झिजलेल्या रिंगांतून किंवा झडपांच्या कडक झालेल्या सिलांतून इंजिनाचे ऑइल ज्वलनात शिरू लागले, की त्याची राख आणि काजळी त्या बारीक नळ्यांत थर धरते. प्लग नीट पेटत नसेल तर न जळलेले पेट्रोल डब्यात जाऊन पेटते आणि वीट वितळून गोळा होते. दोन्ही प्रकारांत डबा तुंबतो, आणि तुंबलेला डबा इंजिनाचा श्वास कोंडतो, हे मिस्त्रीचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. खोटे आहे ते त्यातून काढलेले अनुमान. घरफोडी झाल्यावर पंचनाम्याला आलेल्या साक्षीदारालाच चोर ठरवून हाकलून द्यावे, तसा हा न्याय झाला. मी स्नेह्यांना विचारले, ऑइल किती लागते? तर हजार किलोमीटरला जवळजवळ लिटरभर, आणि ते गेली दोन वर्षे! सरळ पाईप टाकल्यावर गाडी मोकळी पळाली असती यात संशय नाही; पण एवढे ऑइल पिणारे इंजिन त्याच दिवशी आपली एकमेव तक्रार नोंदविण्याची जागा गमावून बसले असते. निरोगी डबा काढून या जातीच्या इंजिनाला मिळते ते फार तर दोन-चार अश्वशक्तीचे दान, तेही अगदी वरच्या फेऱ्यांत. बाकी वाढतो तो आवाज, आणि मनुष्य कानाने वेग मोजतो.

‘पण पीयूसी निघते ना,’ हा पुढचा युक्तिवाद. निघते, हे मला कबूल करावे लागले. भारत स्टेज दोनच्या पूर्वीच्या चारचाकीला उभ्या गाडीत, मंद फेऱ्यांवर, कार्बन मोनॉक्साइडची ३ टक्क्यांपर्यंत सूट आहे. त्यानंतरच्या गाड्यांना ती ०.५ टक्क्यावर किंवा त्याहूनही खाली आली. २००१ साली जालन्यात विकलेली गाडी पहिल्या वर्गात मोडते, आणि इंधनाचे प्रमाण संगणकाने राखणारे धडके इंजिन डब्यावाचूनही मंद फेऱ्यांवर ती मर्यादा सहसा ओलांडत नाही. नायट्रोजनची ऑक्साइडे तर या तपासणीत मोजलीच जात नाहीत. म्हणजे दाखला मिळतो तो उभ्या गाडीचा. धावणाऱ्या गाडीविषयी त्यावर शेरा नसतो. निजामी अमदानीपासून दाखला, शिक्का आणि सही यांवर आमच्या मराठवाड्याची एवढी गाढ श्रद्धा आहे, की कागद हातात पडला म्हणजे वस्तुस्थितीही दुरुस्त झाली असे आम्ही धरून चालतो. कायदा मात्र दाखल्याने तृप्त होत नाही: मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या १८२-अ कलमाप्रमाणे मालकाने केलेल्या प्रत्येक बेकायदा फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि १९० व्या कलमान्वये प्रदूषणाच्या मानकांचा भंग केल्यास दहा हजारांपर्यंत दंड व तीन महिने परवाना जप्त. ही कलमे आमच्या नाक्यांवर कोणी उच्चारताना मी ऐकलेली नाहीत, म्हणून त्यांच्या भीतीवर माझा युक्तिवाद उभा करीत नाही.

उभा करतो तो नाकावर. शेडमध्ये बसलेल्या एका तरुणाने औद्योगिक वसाहतीच्या दिशेने हात करून म्हटले, की भंगार वितळवून सळ्या लाटणाऱ्या एवढ्या भट्ट्या रात्रंदिवस चालतात, तेथे आमच्या एका पाईपाने काय बिघडते? राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत जालन्याचे नाव आहे हे त्याला ठाऊक होते, आणि त्याचा विषाद खोटा नव्हता. परंतु तो दोन निराळ्या जिनसांचा एकच हिशेब मांडीत होता. भट्टीची तक्रार मुख्यतः धुळीची; मोटारीच्या पाईपातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड अदृश्य, निर्गंध, आणि रक्तातील प्राणवायू वाहणाऱ्या द्रव्याला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक आसक्तीने चिकटणारा. शिवाय चिमणीचे तोंड आकाशात असते, पाईपाचे तोंड जमिनीपासून वीतभर वर. शाळा सुटल्यावर गांधी चमनच्या कोंडीत स्कूटीच्या पुढच्या फळीवर उभे असलेले पाच वर्षांचे पोर ज्या उंचीवर श्वास घेते, ती उंची भट्टीच्या चिमणीपेक्षा स्नेह्यांच्या सायलेन्सरला फार जवळची आहे.

टर्बो असलेल्या गाड्यांची गोष्ट किंचित निराळी, हे न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. २००४ साली आपल्याकडे आलेल्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएससारख्या गाडीत टर्बोच्या पुढ्यातला अडसर कमी झाला की लाभ खरोखर जाणवतो. त्यांच्या मालकांना मी एवढेच सुचवीन, की विरळ छिद्रांचा, धातूच्या जाळीचा डबा मिळतो. तो अडथळा कमी करतो आणि काम बरेचसे राखतो. महाग आहे. पण टायरवर आणि चकत्यांवर पाण्यासारखा पैसा ओतणाऱ्यांनी नेमके येथेच काटकसरीचे स्तोत्र म्हणावे, याचे मला नवल वाटते. नव्या गाड्यांत डब्यामागचा दुसरा सेन्सर चुगली करतो म्हणून त्याला एक तुकडा लावून फसविण्याची कलाही या बाजारात सर्रास चालते; एवढ्या बुद्धीने रिंगा बदलून झाल्या असत्या.

शेवटी मिस्त्रीने टॅपेट कव्हर उघडले. झडपांची सिले नखाने तुटण्याइतकी वाळलेली निघाली, तेव्हा त्याने माझ्याकडे न पाहता ‘हेड उतरवावं लागतंय’ असे म्हटले आणि पाना उचलला. एवढ्यात शेजारचा भंगारवाला डब्याचा भाव विचारून गेला. पोलादी कवच आमच्याच भट्टीत जाऊन सळी होईल, आतली वीट मात्र प्लॅटिनमपायी कोठच्या कोठे जाईल. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण आठवून स्नेही हसले. भाव ऐकल्यावर मात्र त्यांचे हसणे थांबले. तुंबलेला तो डबा त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळला, डिकीत ठेवला, कुलूप लावले आणि किल्ली मिस्त्रीकडे न देता स्वतःच्या खिशात घातली.

— वाटसरू